टोकावरच्या आठ मात्रा

लवकर ऐका, मला एका जागी फार वेळ राहवत नाही. मी टिपरी बोलतेय. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडेला जो तांडा आहे, तिथल्या संगिताच्या उजव्या हातातली. लांबीला दीड वीत, जाडीला अंगठ्याएवढी आणि रंगानं सध्या पिवळी. हा पिवळा रंग कुठून आला तेही सांगणार आहे, पण क्रमानं सांगायचं तर धीर लागतो आणि तो माझ्याकडे जन्मापासून नाही.

जन्म माझा कुरुंद्याचा. तिथं मकबूल खरादी आहे. लाकूड यंत्रावर गरगरा फिरवून गोल करायचं, हे त्याचं काम. बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब. माझं लाकूडही बाजेच्या पायासाठीच ठेवलेलं होतं. तसं झालं असतं तर मी जन्मभर एका कोपऱ्यात उभी राहिले असते आणि वर कुणीतरी घोरत पडला असता. नशीब, त्या लाकडाला मधूनच चीर निघाली. मकबूलनं ते उभं कापलं आणि त्यातून मी आणि माझी बहीण अशा दोघी निघालो. बहीण शांत आहे. मी मात्र यंत्रावरून दोनदा उडाले.

“इसको चैन नै,” मकबूल त्याच्या बायकोला, मलिकाला म्हणाला. “जिसके हाथ में जाएगी, बराबर तकलीफ देगी.”

मलिकानं आम्हाला जुन्या ओढणीच्या चिंधीनं बांधलं आणि शिलाबाईंच्या हवाली केलं. शिलाबाई तांड्यावरच्या शाळेत शिकवतात. लहानपणी हिंगोलीच्या शाळेत त्या टिपरी खेळलेल्या. महिला दिनाला औंढ्यात बायकांचा मेळावा असतो, त्यात आपल्या तांड्याच्या बायकांनी टिपरी खेळावी असं त्यांच्या मनानं घेतलं. बाराजणींनी नावं दिली. मकबूलला टिपऱ्यांच्या बारा जोड्या सांगून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी संगिता आली. डोक्यावर धुण्याची बादली तशीच. म्हणाली, “बाई, मला बी घ्या.” नाही म्हणायला शिलाबाईंची जीभ रेटेना. म्हणून तेरावी जोडी करावी लागली. ती तेरावी जोडी म्हणजे आम्ही.

आता हा खेळ थोडा समजून घ्या, नाहीतर पुढची सगळी धडपड तुम्हाला उगाच वाटेल. समोरासमोर दोन रांगा, सहा आणि सहा. आठ मात्रा समोरचीच्या टिपऱ्यांवर आपल्या टिपऱ्या वाजवायच्या. मग प्रत्येकीनं एक जागा उजवीकडे सरकायचं, की समोर नवी जोडीदारीण येते. सरकत सरकत जी टोकाला पोचते तिनं वळायचं आणि समोरच्या रांगेत शिरायचं. बाराजणी असल्या तर सगळ्यांना कायम जोडी मिळते. तेराव्या बाईमुळे एका टोकाला दर खेपेला एकजण उरते. तिच्यासमोर कुणीच नसतं. तिनं आठ मात्रा एकटीनं काढायच्या आणि नवव्या मात्रेला दुसऱ्या रांगेत हजर व्हायचं. पाळीपाळीनं प्रत्येकीवर ही वेळ येते.

माझ्यासारखीला ही शिक्षाच की हो. सगळीकडे खणाखणी चालू आणि मी हवेत.

आणि बायकांची तर पहिल्या आठवड्यात नुसती गंमत झाली. अनुसयाबाई टोकाला गेली, समोर कुणी नाही पाहून थबकली आणि आधीच्या जोडीदारणीच्या मागं धावत सुटली. पूर्ण रांग मोडली. दुसरी एकजण टोकाला पोचली की तेवढ्यात आपल्या लेकराचं नाक पुसून यायची. तिसरी नुसतीच उभी राहायची आणि नवव्या मात्रेला दचकायची.

“काहून थांबलात, अनुसयाबाई?” शिलाबाई विचारायच्या.

“समोर कोनी न्हाई तर वाजवू कुनाला?”

“कुनालाच न्हाई. वळा.”

“आन मग आठ मात्रा काय करू?”

शिलाबाईंनी डोक्याला हात लावला. मग म्हणाल्या, “हा एस.टी.चा थांबा समजा. गाडी येनार हाय. ती तुमच्यासाठी उभी राहनार न्हाई. तुमीच तयार पायजे.”

त्या दिवसापासून त्या जागेचं नाव थांबा पडलं. नाव फारच बराबर बसलं, कारण थांब्यावर गेलेली बाई थांब्यावर जे करते तेच करायला लागली. बाजूचीशी गप्पा. शिलाबाईंना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. आधी मान वळवा, मग पाय. गिरकी बाहेरून घ्या, म्हणजे आतल्या कुणाला धक्का लागत नाही. गिरकी संपता संपता पुढची जोडीदारीण कोण ते हेरून ठेवा. हात खाली सोडू नका, ते खाली गेले की वर यायला उशीर करतात. त्या चुन्यानं जमिनीवर पावलं काढायच्या आणि एकेकीला त्यावरून चालवायच्या.

ताल धरायला संगिताची सासू होती, पारुबाई. ती बाजूला बसून काशाची थाळी वाजवायची. पारुबाईचे गुडघे गेलेत, हात मात्र पक्का आहे.

आणि सगळ्यांत आधी थांबा जमला तो संगिताला. घरी ती भाकरीसुद्धा आठ थापांत फिरवायची. शेणी थापताना आठ, अंगण झाडताना आठ. लग्नाला सात वर्षं झालेली, दोन लेकरं, शेत, शेळ्या, आणि ह्या सगळ्यात दुपारचा एक तास तिचा होता. त्या तासाला ती जशी हसायची तशी घरात कधी हसत नसे. मला तिच्या तळहातातून ते कळायचं. मी कधी कुणाच्या हातात एवढी रमले नव्हते. खरं तर मी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेच नव्हते, पण तुम्हाला म्हणायचं ते कळलं असेल.

सरावात रांग आता तुटेनाशी झाली. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात तांड्यासमोर पहिला खेळ ठरला.

झेंडावंदन झालं. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये तांड्याचे नाईक भावसिंग, डोक्याला लाल फेटा. शेजारी संगिताचे सासरे लालसिंग आणि बाकीची जुनी मंडळी. रांगांचं एक टोक बरोबर त्यांच्या पुढ्यात, आणि थांबा त्याच टोकाला. पहिली बाई थांब्यावर गेली, गिरकी घेतली आणि अडखळली. दुसरी अर्धा ठोका उशिरा आली. तिसरीची टिपरी गळाली. शिलाबाईंचा चेहरा उतरायला लागला. एवढा सराव, आणि मोडत होतं ते फक्त त्या एका टोकाला. मग संगिताची पाळी आली. तिनं गिरकी घेतली, आणि मला एकदम वर ओढल्यासारखं झालं. माझ्याभोवती लुगड्याचा काठ गुंडाळला गेला. सहा, सात. तिनं घाईनं हात सोडवला आणि मी सुटले.

मी उडाले. खोटं कशाला बोलू, उडताना क्षणभर बरंही वाटलं. मग मी भावसिंग नाईकांच्या फेट्यावर आदळले आणि तिथून लालसिंगच्या मांडीवर पडले.

पोरं हसली, बायका हसल्या, खुद्द नाईकही हसले. लालसिंग नाही हसला. त्याच्या सुनेची टिपरी नाईकांच्या डोक्यावर, आणि सगळा तांडा बघत होता. त्यानं मला मुठीत धरलं आणि घरी जाईपर्यंत सोडलं नाही.

लालसिंग सुनेशी थेट बोलत नाही. तांड्यात जुन्या घरांतून तशी रीत आहे. जे सांगायचं ते पारुबाईमार्फत. घरात ते आपल्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतात, मी तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. तो पारुबाईला म्हणाला, “सांग तिला, झालं तेवढं बस झालं. आता रांगेत उभं राहायचं न्हाई.”

संगिता चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू गेलं. त्या दिवशी भाकऱ्या तिनं कशाही थापल्या, थापा मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतही तेच निघालं. बायका म्हणाल्या, तेरावी कमी झाली की थांबाच उरत नाही, बाराजणींत भानगडच नाही. बोलायला सोपं होतं आणि खरंही होतं. शिलाबाई गप्प राहिल्या. बाई भली आहे, पण त्या दिवशी त्यांचा मला राग आला.

आणि माझं काय झालं म्हणता? लालसिंगनं मला शेळ्यांच्या खोपटाच्या दाराला अडकवलं, कडीतून आरपार. बहीण घरात कोनाड्यात आणि मी बाहेर, दाराची खीळ. सकाळी ओढायचं, संध्याकाळी खुपसायचं, मधले तास नुसतं आडवं पडायचं. शेळ्या अंग घासायच्या. तेरा दिवस मी हे काढले. आठ मात्रा सोसत नव्हत्या मला, इथं तेरा दिवस. मी कडीत बसल्या बसल्या करकरायचे, लोकांना वाटायचं वारा आहे.

चौदाव्या दिवशी शिलाबाई घरी आल्या. त्यांना काही झोप लागत नसावी. खोपटाजवळच पारुबाई शेळीचं दूध काढत होती. शिलाबाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या.

“पारुबाई, मला एकच सांगा. सरावात एकदा बी तुटलं न्हाई. तिथंच काहून तुटलं? भ्याल्या का बायका?”

पारुबाई धार काढत राहिली. मग म्हणाली, “भ्याल्या न्हाईत, बाई. हात कमी पडले.”

“म्हंजे?”

“तुमी गिरकी बाहेरून शिकवली. बाहेर तोंड झालं की समोर कोन? सासरा. मोठा दीर. नाईक. सून त्यांच्यापुढं उघड्या तोंडानं कशी जाईल? घुंगटो ओढायला पायजे का न्हाई? दोन हातांत दोन टिपऱ्या. तिसरा हात कुठून आनायचा?”

शिलाबाईंना एकदम उमगलं. सरावाला फक्त बायका आणि पोरं असत, तिथं घुंगटो लागतच नव्हता. वडीलधाऱ्यांपुढं पदर तोंडावर ओढायचा, ह्या बायकांच्या अंगात ते इतकं मुरलेलं की आपण काय करतोय हे त्यांनाही कळलं नव्हतं. मला कळलं होतं, काठात मीच गुंडाळले होते ना. पण टिपरीला विचारतो कोण?

“मग आधीच ओढून घेऊ,” शिलाबाई म्हणाल्या. “पिना लावू. सुरुवातीपासनं शेवटपर्यंत.”

“तोंड झाकून समोरचीची टिपरी कशी दिसंल? बोटं फुटतील. आन आधीच ओढलेला घुंगटो कुनाच्या मानाचा? तो तर उन्हाचा झाला.” पारुबाईनं दुधाचं भांडं बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कडीतून मला ओढून काढलं. “थांब्यावर आठ मात्रा हात रिकामेच हायेत ना? मग त्या हाताला ह्येच काम द्या की.”

त्याच जागी, शेळ्यांच्या मध्ये उभं राहून त्या दोघींनी ते बसवलं. मला डाव्या मुठीत द्यायचं, बहिणीशेजारी. बहीण आणायला संगिताला हाक मारली. एक, दोन, टिपरी डाव्या मुठीत. तीन, चार, उजव्या हातानं घुंगटो आणि मान खाली. तेवढ्यात डाव्या मुठीतल्या दोन्ही टिपऱ्या एकमेकींवर खुळखुळवायच्या, म्हणजे आवाज तुटत नाही. पाच, सहा, गिरकी पुरी करून घुंगटो मागं. सात, टिपरी परत उजव्या हातात. आठ, तयार.

संगितानं पहिल्या दिवशी मला अकरा वेळा पाडलं. मी मोजलं.

पण लालसिंगचं काय? ते पारुबाईनं बघितलं. तो जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, “सुनेचं चुकलं न्हाई. तुमचा मान ठेवाया गेली म्हनून हात सुटला.”

लालसिंगनं घास मोडला. “मान ठेवाया गेली म्हनतीस?”

“मग काय तर.”

“बरं. येकदा. मी सोबत येनार आन पुढंच बसनार. त्या टोकालाच. पुन्ना तुटलं तर टिपऱ्या चुलीत.”

म्हणजे आता संगिताची रांग आणि माझा जीव, दोन्ही त्या आठ मात्रांवर. मला आधीच चैन नाही, त्यात हे.

शाळेत शिलाबाईंनी सगळ्या तेराजणींना ते शिकवलं. त्या स्वतः घुंगटो घेत नाहीत, पण शिकवताना घेतला. हळद शिजवायचा हंगाम होता, बायका दिवसभर हळदीत. संगिताला शाळेत यायला जमलं नाही की ती शेतातच, वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला सराव करायची. पिवळ्या हातांनीच आम्हाला धरायची. हा रंग तिथला, आता तो काही जाणार नाही. घामेजला हात, त्यात दोन टिपऱ्या एका मुठीत, अंगठा जरा चुकला की मी निसटायचे. मी मुद्दाम निसटत नव्हते. माझा स्वभावच तसा, त्याला मी काय करू? आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला शांत राहायला सांगत होते.

आठ मार्च उजाडला. टेम्पोतून औंढ्याला गेलो. पिशवीत सव्वीस टिपऱ्या, सगळ्या गप्प, फक्त मी खडखडत होते. मेळाव्यात भाषणं संपेनात. एक बाई संपली की दुसरी. मांडवात ऊन तापलं. संगिता सारखी तळहात लुगड्याला पुसत होती. समोर, थांब्याच्या टोकाला, लालसिंग येऊन बसला होता, हातात काठी, काठीवर हनुवटी.

शेवटी नाव पुकारलं. पारुबाईनं थाळीवर पहिला ठोका दिला.

पहिली थांब्यावर गेली. टिपरी मुठीत, घुंगटो, मान खाली, खुळखुळ, गिरकी, आत. मांडवातल्या बायकांनी एकदम माना वर केल्या. दुसरी गेली. तिसरी. अनुसयाबाईनं तर असा झोकात घुंगटो मागं टाकला की कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि मग आम्ही. एक, दोन, मी डाव्या मुठीत. संगिताचा हात ओला चिंब. तीन, मी बहिणीवर आपटले, एकदा, दोनदा, आणि खाली सरकायला लागले. खरंच सरकायला लागले. बहिणीचं अंग माझ्या अंगाला लागलेलं, तिच्या आधारानं मी होते तिथंच दातओठ खाऊन थांबले. पाच. संगिताचा अंगठा माझ्यावर घट्ट बसला. सहा. सात, मी उजव्या हातात. आठ. नवव्या मात्रेला समोर नवी टिपरी होती आणि मी तिच्यावर अशी वाजले की मकबूलला कुरुंद्यात ऐकू गेलं असेल.

तेरा फेऱ्या झाल्या. एकदाही तुटलं नाही.

परतताना टेम्पोत लालसिंग नुसता मान चोळत बसला होता. संगिता कोपऱ्यात बसून होती. ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती आणि मी तिच्या मांडीवर होते. बरं झालं की वाईट, कुणालाच कळेना.

घरी आल्यावर, अजून दिवस मावळायचा होता, तो अंगणात बाजेवर टेकला आणि पारुबाईला म्हणाला, “काय गं, टोकाला काय केलं ह्यांनी?”

“म्हंजे? तुमी तर टोकालाच बसला होता.”

“टोकाला आली की मी खाली बघायचो. सुना-लेकी समोर येऊन राहिल्या, मी काय टक लावून बघू? तेरा येळा खाली बघितलं. मान अवघडली.”

पारुबाई हसायला लागली ती थांबेचना. म्हणजे बघा, ह्या बायकांनी त्याच्या मानाखातर महिनाभर जीव काढला, आणि त्यानं त्यांच्या मानाखातर तेवढंच नेमकं पाहिलं नाही. योगेशनं, म्हणजे संगिताच्या नवऱ्यानं, मोबाईलवर सगळं घेतलं होतं. पारुबाईनं त्याला हाक मारून तो आणवला आणि लालसिंगच्या हातात दिला. पहिली बाई थांब्यावर आली आणि लालसिंगनं मान खाली घातली.

“अवो, मोबाईलात हाय ती. खाली काहून बघता?”

मग त्यानं बघितलं. पुन्हा मागं घेऊन बघितलं. संगिताची पाळी तीनदा बघितली. योगेश कंटाळून गेला. लालसिंगनं मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाला, “सांग तिला, जात जा म्हनावं. येळेवर जाय, येळेवर ये.”

आत संगिताच्या हातून परातीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो आनंदाचाच असणार.

पण मग त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, “त्या टिपऱ्या दे हिकडं.” माझं लाकूडच गार पडलं. चूल दहा पावलांवर होती. त्यानं आम्हा दोघींना डाव्या मुठीत घेतलं, इकडंतिकडं कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि खुळखुळवलं. मी पडले. त्यानं उचललं, पुन्हा खुळखुळवलं. मी पुन्हा पडले. त्याचा पंजा मोठा, नांगराचा, त्याला आमचा अंदाजच येत नव्हता.

“आत्याबाई,” आतून संगिताचा आवाज आला, “मामंजींना सांगा, अंगठा वरून नको. मधून घाला.”

“ऐकलं का?” पारुबाई म्हणाली. “अंगठा मधून.”

“ऐकलं. म्या काय बहिरा न्हाई.” त्यानं अंगठा आमच्या मधून घातला. “आन किती म्हनली? तिसऱ्याला का चौथ्याला?”

“आत्याबाई, तिसऱ्याला म्हना.”

तर आत्ता माझी अशी स्थिती आहे. दाराच्या आत सून भाकरी थापत मोजतेय, बाहेर सासरा मुठीत आम्हाला धरून बसलाय आणि मध्ये पारुबाई एकीचं दुसऱ्याला सांगतेय. मी सातव्यांदा जमिनीवर आहे आणि मला तक्रार नाही. तुमच्या घरात कोपऱ्यात एखादी टिपरी पडली असेल तर तिला उचला, एवढंच मागते. आता मला जाऊ द्या, त्यानं वाकून मला घेतलंय आणि आतून संगिता एक म्हणालीसुद्धा.